जुनी रिव्हॉल्व्हर्स गुंतवणूक म्हणून घ्यावीत का? (सांगली-सातारा भाग)

कृष्णाकाठचा_पोरगा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गणपती पेठेत आमचं दुकान आहे. वडिलांकडे आजोबांपासून आलेलं वेब्ली अँड स्कॉट या विलायती कंपनीचं बत्तीस बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्व्हर आहे, लायसनसकट. बाबा आता ७४ वर्षांचे. मागच्या वर्षी एक गुंठेवारीचा तुकडा विकला, त्याचे थोडे पैसे हातात आहेत. कराडचा एक मित्र सारखा म्हणतो, "सोनं सगळेच घेतात रे, जुनं विलायती रिव्हॉल्व्हर घेऊन ठेव. दहा वर्षांनी हात लावू देणार नाही कुणाला." त्याच्याच ओळखीनं साताऱ्याकडचा एक माणूस भेटला. त्याच्याकडे १९१६ सालचं ४५५ बोअरचं वेब्ली आहे. साडेचार लाख सांगतोय. कागद "नंतर करून देतो" म्हणाला. दुसरं एक आहे त्याच्याकडे, ते म्हणे १८५७ च्या, साताऱ्याच्या रंगो बापूजींच्या बंडातलं वेब्ली! त्याचा भाव तर सांगायलाच तयार नाही.

तर प्रश्न असा की निवडताना बघायचं काय? साल, कंपनी, बोअर, की अवस्था? आणि खरंच पैसे वाढतात का? चालवायची हौस नाही. शपथेवर सांगतो, दिवाळीत लवंगी पण लांबून लावतो.

यवतेश्वर_वारा

"कागद नंतर करून देतो" हे वाक्य वाचून चहा नाकातून आला. भावा, हे जमिनीच्या बाबतीत ऐकलं होतं, बंदुकीच्या बाबतीत पहिल्यांदाच.

जाणकारांच्या प्रतीक्षेत. शेंगदाणे घेऊन बसलोय.

निवृत्त_सुभेदार

पोरा, आधी ते रंगो बापूजींचं प्रकरण मोडीत काढतो, म्हणजे पुढचं बोलायला बरं.

१८५७ साली वेब्लीची पितळी काडतुसांची, मधून मोडणारी रिव्हॉल्व्हर्स नव्हतीच. त्या काळच्या साहेबाकडे ॲडम्स, ट्रँटर नाहीतर कोल्ट असायचं. त्यात दारू आणि गोळी चक्राच्या प्रत्येक घरात समोरून भरायची आणि मागे टोपी बसवायची. ब्रिटिश लष्करानं वेब्ली घेतलं १८८७ ला, मार्क वन, म्हणजे पहिलं मॉडेल. आणि "वेब्ली अँड स्कॉट" हे नाव तर १८९७ नंतरचं, त्याआधी दोन्ही कंपन्या वेगळ्या. तेव्हा साताऱ्याच्या गेंडामाळावर ज्यांना फाशी दिलं, तोफेच्या तोंडी दिलं, त्यांच्या बंडातल्या हत्यारावर हे नाव असेल तर ते कोरणाऱ्यानं इतिहासाचा तास बुडवलेला आहे.

दुसरं, १९१६ चं म्हणजे बहुतेक मार्क सिक्स. १९१५ ला आलं, सहा इंची नळी, वजन किलोच्या वर. आमच्या भागातली माणसं पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियापर्यंत गेली. अपशिंग्याला स्मारक आहे, जाऊन बघ. पण जवानाच्या हातात रायफल असायची, रिव्हॉल्व्हर साहेबाच्या कमरेला. त्यामुळे "आमच्या पणजोबांनी युद्धातून आणलं" असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा पणजोबांचा हुद्दा विचारतो.

वकील_कराडकर

धागाकर्ते, अवस्था आणि साल हे सगळं नंतर. तुम्ही प्रश्न उलट्या बाजूनं सुरू केलाय. आपल्याकडे पहिला प्रश्न बोअरचा.

शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित असे वर्ग आहेत. ज्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमध्ये ३८० किंवा ४५५ ची कडवाली लष्करी काडतुसं बसतात आणि उडतात, ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. म्हणजे जगभर संग्राहक ज्यांच्यामागे धावतात ती वेब्ली मार्क वन ते सिक्स, आणि १९३२ चं एनफिल्ड नंबर टू, ही सगळी नेमकी त्याच वर्गात. त्यांचा परवाना कलेक्टर देत नाहीत, तो विषय थेट केंद्रीय गृहमंत्रालयाचा. साडेचार लाख देऊन तुम्ही जी वस्तू घ्याल ती कायदेशीरपणे तुम्हाला ठेवताही येणार नाही आणि विकताही येणार नाही.

आणि शिक्षा? शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधं बिनपरवाना शस्त्र सापडलं तर कमीत कमी २ वर्षं, जास्तीत जास्त ५. प्रतिबंधित असेल तर ७ ते १४ वर्षं. तुमचा मित्र दहा वर्षांनी हात लावू देणार नाही म्हणाला ना, ते खरं होईल, फक्त तुम्ही आत असाल.

त्याच दुरुस्तीत आणखी एक झालं. पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता यायची, आता दोन. वारशानं आलेलं हत्यारसुद्धा त्या दोनातच धरलं जातं. परवान्याची मुदत मात्र तीनाची पाच वर्षं झाली, तेवढाच दिलासा.

कृष्णाकाठचा_पोरगा

अरे देवा. म्हणजे संग्रह वगैरे शब्दच निकालात निघाला की. दोन वस्तूंचा संग्रह कसला!

वकीलसाहेब, पण मी कुठंतरी वाचलं होतं की जुन्या, शोभेच्या हत्याराला लायसन लागत नाही?

वकील_कराडकर

अर्धं बरोबर वाचलंत, आणि अर्धवट वाचून माणसं गोत्यात येतात.

कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे. जुन्या धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त हत्यार. पण पुढची अट वाचा, दुरुस्त करून किंवा न करताही जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं. "घोडा तुटलाय, उडत नाही" हे चालत नाही. घोडा लोहार बसवून देतो, मग ते दुरुस्त होण्यासारखं झालं.

शिवाय फेब्रुवारी २०२० मध्ये नियम बदलले. "क्युरिओ" (म्हणजे दुर्मीळ जुनी वस्तू) या वर्गात बसणारी छोटी शस्त्रं भारतीय नागरिकाला घ्यायला आणि बाळगायला परवाना नको, पण वापरायला, जवळ घेऊन फिरायला किंवा एका जागेहून दुसरीकडे न्यायला परवाना हवाच. आता तुमचा माणूस म्हणेल, "साहेब, क्युरिओच आहे हे." क्युरिओ आहे की नाही हे विकणाऱ्यानं ठरवायचं नसतं, घेणाऱ्यानंही नाही. कलेक्टर कचेरीत लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. साताऱ्याहून सांगलीला ती वस्तू आणणार कशी, डिकीत टाकून? तिथंच प्रश्न सुरू होतो.

जुनं_लोखंड

मूळचा मिरजेचा, आता पुण्यात. पंचवीस वर्षं हा नाद आहे, त्यातली बरीचशी पुस्तकं, कॅटलॉग आणि रिकाम्या पेट्या गोळा करण्यात गेली. वकीलसाहेबांनी पाया घातलाच आहे, आता मूळ प्रश्नाकडे येतो. निवडताना बघायचं काय.

एक. मूळ रंग. जुन्या रिव्हॉल्व्हरवर जो निळसर काळा थर असतो त्याला ब्लूइंग म्हणतात. शंभर वर्षांत तो कडांना उडतो, तपकिरी होतो. तसाच राहू द्या. आपल्याकडे लग्नाआधी घराला रंग काढावा तसं विकायच्या आधी लोक पॉलिश करून आणतात. निकेल चढवतात. चकाचक दिसतं आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथंच पडते. कडा गोल झाल्या, अक्षरं बुजली, तर ते परत आणता येत नाही.

दोन. नंबर. सांगाड्यावर, नळीवर, चक्रावर. एकच नंबर सगळीकडे हवा. नळी एकाची, चक्र दुसऱ्याचं अशी बरीच जोडाजोड झालेली असते.

तीन. शिक्के. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणी घराचे शिक्के, लष्करी असेल तर बाणाची खूण. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ते लष्करातून रीतसर विक्रीला काढलेलं. बनावट ओळखायची एक मजेशीर रीत आहे. खैबर खिंडीच्या भागात गेली शंभरेक वर्षं हातानं नकला बनतात, कारागीर इतके तरबेज की यंत्र हुबेहूब. पण इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून एन अक्षर उलटं पडतं, स्पेलिंग चुकतं. भिंग घेऊन आधी अक्षरं वाचा, मग यंत्र बघा.

चार. फेरफार. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो वेब्ली अमेरिकेत गेली आणि तिकडचं ४५ चं काडतूस बसावं म्हणून त्यांच्या चक्राची मागची बाजू घासून टाकली गेली. न घासलेलं मिळालं तर तिकडं भाव वेगळा.

पाच, आणि खरं तर हेच पहिलं. वस्तूची कथा कागदावर आहे का? २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका साध्या कोल्टला लिलावात ६० लाख डॉलरच्या वर मिळाले. १८७३ च्या मॉडेलचं ते कोल्ट, तसली हजारो आहेत. पण याच्यातून शेरीफ पॅट गॅरेटनं कुख्यात गुंड बिली द किडला मारलं, आणि त्याचे कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकले. फ्रेंच कवी व्हर्लेननं ज्या लेफॉशो रिव्हॉल्व्हरनं आपल्या कवीमित्रावर, रँबोवर, गोळी झाडली ते २०१६ मध्ये पॅरिसला ४ लाख ३४ हजार ५०० युरोला गेलं. याउलट चित्रकार व्हॅन गॉगनं स्वतःवर झाडलं असं म्हणतात ते गंजून सडलेलं लोखंड, शेतात सापडलेलं, "असं म्हणतात" एवढ्यावरच २०१९ मध्ये दीड लाख युरोच्या वर गेलं. पैसे लोखंडाला मिळत नाहीत हो. तुमच्या सातारकराला विचारा, रंगो बापूजींचा एक तरी कागद दाखव म्हणावं.

हळद_भाव_बघणारा

हे सगळं अमेरिकेचं आणि पॅरिसचं. सांगलीत काय होतं ते मी सांगतो.

२०१९ चा महापूर. आमच्या काकांचं रिव्हॉल्व्हर लाकडी कपाटाच्या खालच्या खणात, चामडी म्यानात. आयर्विन पुलाजवळ पाणी चढलं तसं माणसं बाहेर काढली, रिव्हॉल्व्हर कुणाच्या ध्यानात? आठवड्यानं घरात शिरलो तर कपाट उताणं पडलेलं, म्यानाचा लगदा, आणि आत चिखलानं भरलेली नळी. चक्र फिरेना. काकांनी रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, रंग गेला तो गेलाच. वर ठाण्यात कळवायचं, पंचनामा, हेलपाटे. हळद भिजली तर निदान विमा तरी मागता येतो.

जुनं_लोखंड

@हळद_भाव_बघणारा, वाईट वाटलं. पूर आला नसता तरी म्यानात ठेवणं चूकच होतं. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेलं आम्ल त्यात उरतं, ते लोखंडाला खातं. आपल्याकडचे चार महिने, त्यात महाबळेश्वर-कोयनेकडे तर भिंतींनाही बुरशी येते. हत्यार उघडं ठेवायचं, हलका तेलाचा हात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या पुड्या दर महिन्याला बदलायच्या. म्यान वेगळं. गंमत म्हणजे जुन्या मूळ म्यानाला आणि लाकडी पेटीला स्वतःची किंमत असते, आणि त्यांना लायसन लागत नाही.

टेकडीवरचा_हिशेबनीस

भावनांचा बाजार झाला असेल तर थोडा हिशेब मांडू का?

भारतात विलायती रिव्हॉल्व्हर महाग का? ऐंशीच्या दशकात सामान्य नागरिकासाठी आयात जवळपास बंद झाली. जी आत होती तेवढीच फिरताहेत. परदेशात मध्यम भावानं मिळणारं बत्तीस बोअरचं वेब्ली इथं लाखात जातं ते केवळ कोंडीमुळे. ती वस्तू दुर्मीळ नाही, आपण ती अडवून दुर्मीळ केलीय. गुंतवणूक म्हणून हे भीतिदायक आहे, कारण एका अधिसूचनेत दार किलकिलं झालं तर भाव कोसळतो. आधीच काय झालंय बघा. वेब्ली अँड स्कॉटचं नाव घेऊन उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यात संडीला इथं नवी बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर्स बनू लागली. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीसही मुळात वेब्लीच्याच धाटणीचं.

दुसऱ्या बाजूनं सरकार फास आवळूही शकतं. ब्रिटनमध्ये काही जुन्या, आता न बनणाऱ्या काडतुसांची रिव्हॉल्व्हर्स पुराणवस्तू म्हणून बिनपरवाना ठेवता यायची. २०२१ मध्ये त्यातली सात काडतुसं यादीतून काढली. काल दिवाणखान्यात लावलेली वस्तू आज परवान्याची झाली. ज्यांनी गुंतवणूक म्हणून घेतली होती त्यांचं तोंड बघायला हवं होतं.

आणि विकणार कुणाला? सोनं सराफ कट्ट्यावर दहा मिनिटांत मोडतं. इथं घेणाऱ्याच्या लायसनवर एका हत्याराची जागा रिकामी हवी, तीही त्याच बोअरची. शस्त्राचा वर्ग, आधीची दोनची मर्यादा, सगळी चाळणी लावली की तुमच्या जिल्ह्यात पाच-दहा गिऱ्हाईकं उरतील. त्यातले तिघे "दादा, आपल्यातलेच आहेत, जरा कमी करा" म्हणणारे.

वकील_कराडकर

वरच्यात भर. खासगी विक्री करायची तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. घाईच्या पैशासाठी ही वस्तूच नव्हे.

शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू परदेशी लिलावात पाठवू म्हणाल, तर १९७२ चा पुराणवस्तू कायदा आडवा येतो, खासगी माणसाला निर्यात बंद आहे. म्हणजे जुन्या वस्तूला खरा भाव जिथं मिळतो तिथं ती पोचतच नाही.

यवतेश्वर_वारा

थोडक्यात: घेता येत नाही, विकता येत नाही, नेता येत नाही, आणि घासून पुसून ठेवताही येत नाही. हे तर लग्नासारखंच झालं.

(पळतोय.)

मिरजेची_सून

सगळी पुरुष मंडळी बोलताहेत, म्हणून मी एक घरातली बाजू सांगते.

माझे सासरे गेले तेव्हा कपाटात त्यांचं रिव्हॉल्व्हर होतं. दोघे दीर परदेशात, आमच्या ह्यांना नको होतं. मग ते परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं ठरलं. जमा केलं, पावती घेतली, आम्हाला वाटलं संपलं. दरमहा भाडं सुरू. कुणी विचारायला गेलं नाही, चार वर्षांत ते भाडं इतकं साठलं की विकून हातात आलं त्यात जेमतेम भाडं भागलं. वर विक्रेता म्हणतो, "वहिनी, बोअर चांगली नाही." मामंजी दर दसऱ्याला त्याची पूजा करायचे, स्वतः साफ करायचे. मला बोअर काय माहीत, पण मला ते ऐकून लागलं.

आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा करा, नेऊन द्या, आणा. सासरे ऐंशीच्या घरात असताना त्या रांगेत बसायचे. विधानसभा, लोकसभा, झेडपी, कशाकशाला! मुलं लहान असताना मी त्या खोलीला कुलूप घालून किल्ली कमरेला लावायचे. या सगळ्याचे पैसे कुठल्या खात्यात धरणार तुम्ही?

टेकडीवरचा_हिशेबनीस

@मिरजेची_सून, नोंद घेतली. माझ्या हिशेबात हा रकाना नव्हता.

निवृत्त_सुभेदार

सूनबाई, दसऱ्याच्या पूजेचं वाचून बरं वाटलं.

पोरा, तुला जुन्या हत्यारांचा खरंच नाद लागला असेल तर आधी डोळा तयार कर. औंधचं भवानी संग्रहालय बघ. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जा, २०२४ च्या जुलैत तिथं वाघनखं आली तेव्हा केवढी रांग होती! त्या रांगेत कुणी "याला किती येतील" असं विचारलं नाही. बरं ते असो. तुझ्या बाबांच्या बत्तीसचं काय करायचं ते ठरव की आधी. घरातलं सोडून रानात कशाला?

वकील_कराडकर

सुभेदारांनी बरोबर जागी बोट ठेवलं. २०१६ च्या शस्त्र नियमांत तरतूद आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा त्यानं ते शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो. तुमचे बाबा ७४ चे. वारसाचा परवाना त्यांच्या डोळ्यांदेखत करून घ्या. मागे राहिलं की मिरजेच्या ताईंसारखं होतं. तुमचं पोलीस व्हेरिफिकेशन होईल, प्रशिक्षणाचा दाखला लागेल. बत्तीस अप्रतिबंधित, त्यामुळे काम कलेक्टर कचेरीतच.

आणि हो, इथं फोटो टाकू नका. नंबर तर अजिबात नको.

जुनं_लोखंड

आणि पॉलिश करू नका!!

बत्तीसचं वेब्ली मार्क फोर असेल तर युद्धानंतरचं असण्याची शक्यता जास्त. कंपनीनं १९७९ ला बंदुका बनवणं थांबवलं, म्हणजे त्याच्या पुढचं नसणार. मधून मोडून बघा, चक्र डगमगतं का, नळीत प्रकाश धरला तर खड्डे दिसतात का. अर्थात रिकामं आहे याची आधी खात्री, ती पण बाबांसमोर. लायसन त्यांचं, हात त्यांचा. तुम्ही फक्त बघा. आजोबांनी ज्या दुकानातून घेतलं त्याची पावती, जुनी लायसनची पुस्तकं, काडतुसांच्या नोंदी, पिवळा पडलेला एकही चिटोरा फेकू नका.

कृष्णाकाठचा_पोरगा

मंडळी, चार दिवस गायब होतो. सगळं वाचलं, दोनदा वाचलं.

सातारकराला फोन केला. म्हटलं, ४५५ प्रतिबंधित आहे, कागद आधी दाखवा. म्हणाला, "तुम्ही फार शिकलेले दिसता." फोन ठेवला, आता नंबर लागत नाही. कराडच्या मित्राला या धाग्याची लिंक पाठवलीय, त्याचा निळा टिक आलाय, उत्तर नाही.

रविवारी बाबांना विचारलं. ते काही न बोलता उठले, कपाटातून पत्र्याचा डबा काढला. आत आजोबांच्या वेळची तीन लायसनची पुस्तकं, कोल्हापूरच्या एका दुकानाची फाटकी पावती, सगळं रेशमी दोऱ्यानं बांधलेलं. रिव्हॉल्व्हर बाबांनीच मोडून दाखवलं. म्हणाले, शेवटची गोळी १९९२ ला उडवली होती, शेतात, रानडुकराला घाबरवायला. डुक्कर गेलं नाही, बैल पळाले.

नळीत खड्डे नाहीत. रंग कडांना गेलाय, बाकी आहे. सांगाड्यावर आणि नळीवर नंबर एकच. पण लायसनच्या पुस्तकात बघितलं तर शेवटून दुसरा आकडा वेगळा. हत्यारावर ३ आहे, पुस्तकात ८. सगळ्यात जुन्या पुस्तकात ३ च आहे. म्हणजे मधे कधीतरी नूतनीकरणाच्या वेळी कुणीतरी ३ चा ८ वाचला, आणि तीसेक वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही!

वकीलसाहेब, आता?

वकील_कराडकर

बाकी सगळं बाजूला. वारसाचा अर्ज त्याच्यानंतर. तिन्ही पुस्तकांच्या झेरॉक्स, पावतीची झेरॉक्स, आणि आकडा दुरुस्तीचा अर्ज बाबांच्या सहीनं. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. हत्यार सोबत नेऊ नका, त्यांनी तपासणीला बोलावलं तरच, आणि ते बाबांनी न्यायचं.

कृष्णाकाठचा_पोरगा

उद्या अकराला बाबांना घेऊन कलेक्टर कचेरीत जातो. बाबा आत्तापासूनच टोपीला इस्त्री करत बसलेत.

यवतेश्वर_वारा

पोच मिळाली की इथं कळव रे. शेंगदाणे अजून शिल्लक आहेत.